पोरगी नर्स झाली, नव्या दवाखान्यात रुजू झाली. तिथले पहिले पंधरा दिवस कसे असतात?

लिंबागणेश (ता. बीड), प्रतिनिधी : बीड जिल्ह्यातून बाहेरगावी कामाला जाणारं माणूस म्हटलं की डोळ्यापुढं कोयता येतो. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी लागते, बिऱ्हाड गाडीत पडतं आणि गाव निम्मं रिकामं होतं, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच गावांतून आता दुसरीही एक बॅग भरली जाते. बारावी झाली की दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम नाहीतर चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करायचं आणि पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर गाठायचं. पोरीही जातात, पोरंही जातात. पोरांना तिथं ‘ब्रदर’ म्हणतात.

ही नोकरी एका जागी टिकतेच असं नाही. वर्षभर पुण्यातल्या खासगी दवाखान्यात, मग राष्ट्रीय आरोग्य अभियानाची जाहिरात निघाली की कंत्राटी म्हणून जिल्ह्यात, ऑर्डर संपली की पुन्हा कुठंतरी दुसरीकडं. अमेरिकेत अशा फिरतीच्या नर्सला ‘ट्रॅव्हल नर्स’ म्हणतात. तिकडं एजन्सीमार्फत साधारण १३ आठवड्यांचा करार होतो, तो संपला की दुसरं शहर, दुसरा दवाखाना. आपल्याकडं तसं नाव नाही आणि तसा पगारही नाही. पण अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर फिरणारी आपली सिस्टर म्हणजे त्याच वाणाचं बियाणं.

घरच्यांना यातलं फार काही कळत नाही. पोरगी फोनवर म्हणते, ‘सगळं बरं हाय, जेवले, झोपते आता.’ खरं तर पहिले पंधरा दिवस तिच्यासाठी सगळ्यात अवघड असतात. पेशंटसाठीही तेच दिवस जास्त धोक्याचे. म्हणून हा लेख जाणाऱ्या पोरा-पोरींसाठी आहे, त्यांच्या आई-बापासाठी आहे आणि आपल्या आरोग्य केंद्रात नवी सिस्टर आली की ‘ही नवीच दिसती’ म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठीही आहे.

हात तेच, कपाट दुसरं

शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. वीस वर्षं दारं धरलेला माणूस रात्री दुसऱ्याच्या विहिरीवर गेला तर काय होतं? लाईट तीच, पाणी तेच, मोटरही तीच पाच एचपीची. पण स्टार्टर कुठं, कोणता वॉल आधी उघडायचा, कुठल्या पाइपाचा जोड ढिला आहे, हे त्याला माहीत नसतं. न विचारता बटण दाबलं तर पाणी भलत्याच वावरात जातं. माणूस अडाणी नाही, जागा अनोळखी आहे.

नर्सचंही असंच. शीर सापडणं, सलाईन लावणं, बीपी घेणं, टाके काढणं हे हातात बसलेलं असतं, ते कुठंही सोबत जातं. पण समजा पेशंटला एखाद्या इंजेक्शनची रिॲक्शन आली. अंगावर गांधी उठल्या, दम लागला, बीपी पडला. अशा वेळी ॲड्रिनलिन लागतं हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. प्रश्न असा असतो की या वॉर्डात ॲड्रिनलिन ठेवलंय कुठं? ट्रॉलीच्या वरच्या खणात, का इनचार्ज सिस्टरच्या कपाटात? त्या कपाटाची चावी रात्री कुणाकडं? जुन्या दवाखान्यात हात आपोआप उजवीकडच्या खणात जायचा. इथं त्या खणात बँडेज निघतं. अशा वेळी मिनिटंसुद्धा फार असतात.

म्हणून अनुभवी सिस्टर मंडळी नव्या माणसाला पहिली एकच गोष्ट सांगतात : पेशंटला हात लावायच्या आधी इमर्जन्सी ट्रॉली बघून घे. एकेक खण उघडायचा. काही दवाखान्यांत ट्रॉलीला सील असतं, तिथं वर लावलेली यादी वाचायची. ऑक्सिजनचं सिलेंडर भरलेलं आहे का, त्याचा पाना जागेवर आहे का, सक्शन मशीन चालू होतं का, अंबू बॅगचा मास्क मोठ्याचाही आहे आणि लेकराचाही आहे का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, हे स्वतःच्या हातानं बघायचं. मोठ्या दवाखान्यात पेशंटचं हृदय बंद पडलं की ‘कोड ब्लू’ पुकारतात. त्यासाठी कोणता नंबर फिरवायचा ते पहिल्याच दिवशी हातावर लिहून घ्यायचं. छोट्या दवाखान्यात कोड-बिड काही नसतो, तिथं डॉक्टरांचा मोबाईल नंबर आणि ते किती लांब राहतात एवढं माहीत असलं तरी पुष्कळ.

मानांकन घेतलेले मोठे दवाखाने नव्या स्टाफला दोन-चार दिवस सगळं दाखवतात, त्याला इंडक्शन म्हणतात. लहान ठिकाणी सकाळी जॉइनिंग आणि संध्याकाळी ड्युटी, असा कारभार. तिथं आपणच म्हणायचं, ‘मॅडम, दोन दिवस मला कुणाच्या तरी जोडीला द्या.’ असं म्हटल्यानं कुणी कामावरून काढत नाही. मी तर म्हणेन, असं न म्हणणारीच जास्त चिंतेची.

औषधाची चूक कुठं होते

नव्या जागी चुका अज्ञानापेक्षा सवयीनं जास्त होतात. इन्सुलिनचं उदाहरण घ्या. आपल्याकडं इन्सुलिनची बाटली बहुतेक ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. पण पेनमधलं आणि काही बाटल्यांतलं इन्सुलिन १०० युनिटचं असतं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजनं औषध काढलं, तर सिरिंजवर २० दिसतं आणि पेशंटच्या अंगात जातं ५०. म्हणजे अडीच पट. साखर एकदम खाली येते, पेशंटला घाम सुटतो, तो बरळायला लागतो आणि वेळेत लक्षात आलं नाही तर जीवावर बेततं. जिथं चार वर्षं फक्त लाल टोपण वापरलं, तिथून केशरी टोपणाच्या दवाखान्यात गेलेल्या सिस्टरनं बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचलाच पाहिजे.

दुसरं पोटॅशियम क्लोराईड. ही ॲम्पूल दिसायला पाण्याच्या ॲम्पूलसारखीच. सलाईनमध्ये मिसळून सावकाश दिलं तर औषध, थेट शिरेत दिलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून चांगल्या दवाखान्यात ती वेगळी, कुलपात, लाल पट्टी लावून ठेवतात. सगळीकडं ठेवतातच असं नाही. आपल्या नव्या वॉर्डात ती कुठं ठेवलीय, कशाच्या शेजारी ठेवलीय, हे आधीच बघून ठेवावं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात पाच गोष्टी पाठ करून घेतात : पेशंट बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, द्यायची वाट बरोबर, वेळ बरोबर. जुन्या जागी पेशंटचे चेहरे ओळखीचे होतात, नव्या जागी होत नाहीत. त्यामुळं कॉट नंबरवर जायचं नाही. ‘मामा, तुमचं नाव सांगा’ असं विचारायचं आणि केसपेपरवरच्या नावाशी ताडून बघायचं. ‘तुम्हीच शिंदे ना?’ असं कधीच विचारायचं नाही. आपला म्हातारा माणूस ऐकू आलं नाही तरी मान हलवतो, हे गावातल्या पोरीला वेगळं सांगायला नको.

प्रत्येक दवाखान्याची लिहायची पद्धतही वेगळी. एक डॉक्टर दिवसातून दोनदा द्यायचं असेल तर ‘बीडी’ लिहितो, दुसरा १-०-१ लिहितो, तिसऱ्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. काही ठिकाणी सगळं कॉम्प्युटरवर. अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधायचा नाही, फोन करायचा. डॉक्टर फोनवरून औषध सांगत असतील तर लिहून घ्यायचं, लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवायचं, ‘हो’ आलं की मगच द्यायचं आणि नंतर सही घ्यायची. रात्री दोन वाजता डॉक्टर चिडतात, हे खरं आहे. चिडू द्यावं.

ओव्हर आणि विचारणं

ड्युटी बदलताना जुनी सिस्टर नवीला पेशंटची माहिती देते, त्याला दवाखान्याच्या भाषेत ‘ओव्हर देणं’ म्हणतात. गडबडीत हे काम टेबलाजवळ उभं राहून होतं : ‘पाच नंबर ठीक, सहा नंबर ठीक, सात नंबरला सलाईन, चल मी निघते, माझी बस जाईल.’ नव्या माणसानं असा ओव्हर घेऊ नये. दोघींनी मिळून प्रत्येक कॉटपाशी जायचं. पेशंट कोण, कशासाठी भरती, आता स्थिती काय, पुढं काय करायचं राहिलंय, या चार गोष्टी पेशंटसमोर उभं राहून ऐकायच्या. सलाईन किती राहिलं, लघवीच्या पिशवीत किती, ड्रेसिंग ओलं आहे का कोरडं, हे डोळ्यांनी बघायचं. पंधरा मिनिटं जास्त जातात. जाणारीची बस चुकते म्हणून ती बोलेलही. पण एकदा ओव्हर घेतला की सात नंबरचं जे काही होईल ते आपल्या ड्युटीत होईल.

आता विचारण्याबद्दल. आपल्या भागातल्या पोरांची एक खोड आहे, ती म्हणजे न विचारणं. शहरात गेलं की वाटतं, विचारलं तर हसतील, गावठी म्हणतील. मशीन नवं असतं, इन्फ्युजन पंप पहिल्यांदाच बघितलेला असतो, व्हेंटिलेटर फक्त पुस्तकात बघितलेला असतो. मग पोरगी दुसरीनं कसं केलं ते चोरून बघते आणि तसंच करते. यात तिचं शिक्षण होत नाही आणि पेशंटचा जुगार होतो. ज्या मशीनला हात लावला नाही त्यावर ‘मला हे येत नाही, दाखवा’ असं सांगणं हा नर्सच्या कामाचाच भाग आहे. खिशात छोटी वही ठेवावी. एकदा विचारलेलं त्यात लिहावं, म्हणजे तेच तीनदा विचारायची वेळ येत नाही आणि समोरचाही वैतागत नाही.

एका नर्सकडं किती पेशंट असावेत याचंही माप ठरलेलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाप्रमाणं वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात तीन पेशंटमागं एक नर्स, साध्या दवाखान्यात पाचामागं एक आणि अतिदक्षता विभागात एकास एक. प्रत्यक्षात वॉर्ड बघितला तर हसू येतं, एकेका सिस्टरकडं तीस-चाळीस पेशंटही असतात. हे दुखणं एकट्या नव्या सिस्टरनं बरं होणारं नाही. पण तिनं एवढं करावं : काम हातात मावत नसेल तर इनचार्जला वेळेत सांगावं, आणि जे झालं नाही ते ‘झालं’ म्हणून कागदावर लिहू नये. न घेतलेला बीपी १२०/८० लिहायची सवय एकदा लागली की सुटत नाही, आणि चौकशी लागली तर सही नर्सची असते.

माणसं कळायला वेळ लागतो

सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉयला ‘मामा’ म्हणतात, आयाबाईंना ‘मावशी’. कागदावर ते चतुर्थ श्रेणीत येतात, पण नव्या सिस्टरचे पहिले मास्तर तेच. कोणत्या मजल्यावर रक्तपेढी, लिफ्ट बंद पडली तर स्ट्रेचर कुठून न्यायचं, एक्स-रेवाला जेवायला कधी जातो, कोणत्या डॉक्टरांना कोणत्या वेळी काय विचारावं, हे मामांना ठाऊक असतं. त्यांना ‘अहो मामा’ म्हणून बोललं तर काम अर्ध्या वेळात होतं. हुकूम सोडला तर स्ट्रेचर सापडत नाही.

जुना स्टाफ नव्याला लगेच जवळ करत नाही, हे फार जुनं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ नर्स घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी दवाखान्यात पोचली, तेव्हा तिथल्या लष्करी डॉक्टरांनी सुरुवातीला तिच्या नर्सना वॉर्डात कामच करू दिलं नाही. तिनं भांडण काढलं नाही. डॉक्टर बोलावत नाहीत तोवर पेशंटला हात लावायचा नाही असं आपल्या नर्सना सांगितलं आणि कपडे, बँडेज अशी तयारी करून ठेवली. मग जखमी सैनिकांची रीघ लागली आणि डॉक्टरांनीच त्यांना बोलावलं. दरवर्षी १२ मेला नर्स दिनाला दिव्याचा फोटो सगळे व्हॉट्सॲपवर टाकतात, ही गोष्ट मात्र कुणी टाकत नाही.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत केरळच्या सिस्टर भरपूर असतात. आपसात मल्याळम बोलतात, आपल्या पोरीला वाटतं आपल्याबद्दलच बोलतात. बहुतेकदा तसं नसतं, त्याही घरापासून लांबच आलेल्या असतात. त्यांच्याकडून शिस्त आणि इंग्रजीत नोंदी लिहायची पद्धत शिकून घ्यावी. आपल्या पोरीकडंही एक गोष्ट असते जी त्यांच्याकडं नसते. गावाकडून आलेला पेशंट ‘पोटात गुबारा धरलाय’, ‘हातापायाला मुंग्या येत्यात’, ‘डोकं गरगर करतंय’ म्हणतो तेव्हा तिला अर्थ लगेच लागतो. वॉर्डात हळूहळू तिलाच हाक मारली जाते, ‘सिस्टर, जरा हे आजोबा काय म्हणतात बघा.’ तिथून ती त्या दवाखान्याची होते.

फिरतीवरच्या नर्सची खरी किंमत कोरोनात कळली. २०२० च्या मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी दवाखान्यांतून मणिपूरच्या नर्स मोठ्या संख्येनं नोकरी सोडून घरी गेल्या आणि तिथं वॉर्ड चालवायची पंचाईत झाली. त्याच सुमारास मुंबईच्या मदतीला केरळमधून डॉक्टर-नर्सचं पथक आलं. आपल्या जिल्ह्यातही कंत्राटी कोविड नर्सनी पीपीई किट घालून उन्हाळे काढले. लाट ओसरल्यावर त्यांच्या ऑर्डरींचं काय झालं ते आपण बघितलं आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

कागद आधी, बॅग नंतर

आता पालकांनी नीट वाचावं असा भाग. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायला मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं नोंदणी लागते. कोर्स पास झालं म्हणजे झालं असं नाही. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि तोवर झालेल्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं त्याला लागतात. त्यामुळं दवाखान्यात एखाद्या विषयाचा वर्ग झाला की त्याचं प्रमाणपत्र मागून फाईलला लावायचं. दुसऱ्या राज्यात, समजा हैदराबादला किंवा बंगळुरूला जायचं असेल, तर तिथल्या परिषदेची नोंदणी आधी बघावी लागते. देशभरातल्या नर्सची ऑनलाइन नोंदही आता आहे, तीत आधारशी जोडलेला वेगळा क्रमांक मिळतो. तो एकदा काढला की जागा बदलताना उपयोगी पडतो.

मूळ कागदपत्रं कुठंही जमा करायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्सवर सही करून द्यायची, मूळ परत घ्यायची. काही ठिकाणी दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतात आणि मार्कमेमो ठेवून घेतात. मग नोकरी सोडायची म्हटली की कागद अडकतात. रुजू होताना ऑर्डर लेखी हवी. तीत पगार किती, ड्युटी किती तासांची, सुट्टी किती, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं तरी लिहिलेलं असावं. पगार बँक खात्यात घ्यावा. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू होतो. पीएफचा यूएएन क्रमांक जन्मभर एकच असतो, दर वेळी नवा काढू नये, जुनाच द्यावा. ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयचं कार्ड मिळतं. त्यावर तिचे आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उपचारही होऊ शकतात. हे फार घरांना माहीतच नसतं.

पगाराबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं एक समिती नेमली. तिची शिफारस अशी : ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिना किमान २० हजार मिळावेत. ५० ते १०० खाटा असतील तर सरकारी नर्सच्या पगारापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त कमी नको, १०० च्या वर असतील तर १० टक्क्यांहून जास्त कमी नको आणि २०० च्या वर असतील तर सरकारीच्या बरोबरीनं. ही शिफारस आहे, कायदा नाही. लहान दवाखान्यांत आजही आठ-दहा हजारांवर पोरी राबतात. पण पगाराचं बोलणं होताना हा आकडा डोक्यात असावा.

राज्य सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात नर्सही आहेत. तिथं जर्मन भाषा शिकल्याशिवाय काम होत नाही. त्यामुळं ‘महिन्यात जर्मनीला पाठवतो, अमुक लाख भरा’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

जीवाला जपणं

नव्या जागी सुई टोचायचं प्रमाण जास्त असतं, कारण सुया टाकायचा डबा कुठं आहे ते माहीत नसतं आणि घाईत सुईला परत टोपण लावलं जातं. टोपण लावायचं नाही. कचऱ्याचे रंग सगळीकडं सारखेच, २०१६ च्या नियमांप्रमाणं : रक्तानं भरलेला कापूस-बँडेज पिवळ्यात, सलाईनचे पाइप-हातमोजे लालमध्ये, सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या-ॲम्पूल निळ्यात. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्यानं धुवायची, पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही आणि लगेच इनचार्जला सांगायचं. एचआयव्हीची शंका असेल तर त्याची औषधं जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. लाजून दोन दिवस गप्प बसलं तर वेळ निघून जाते. काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस तीन डोसची असते : आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. ती घर सोडायच्या आधी सुरू केलेली बरी.

नाइट ड्युटीला जाण्या-येण्याचा रस्ता, राहायची खोली आणि सोबत कोण, हे पालकांनी एकदा स्वतः जाऊन बघावं. कोलकात्याच्या आर. जी. कर दवाखान्यात ऑगस्ट २०२४ मध्ये काय घडलं ते सगळ्यांनी वाचलं आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत तक्रार समिती लागते. तिच्या सदस्यांची नावं आणि नंबर पहिल्या आठवड्यातच टिपून ठेवावेत. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते.

आणि नातेवाइकांनी एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, डॉक्टर-नर्सला मारहाण केली किंवा दवाखाना फोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. समोर उभी असलेली सिस्टर बहुतेकदा कुणाची तरी गावाकडून आलेली पोरगीच असते.

आपल्या गावात नवी सिस्टर येते तेव्हा

जाणाऱ्या पोरींचं झालं. पण लिंबागणेशला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, अशा केंद्रांत कंत्राटी सिस्टर बदलतात आणि येणारी कधी नांदेडची असते, कधी लातूरची. मैदानी भागात साधारण ३० हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक केंद्र आणि ५ हजारांमागं एक उपकेंद्र, असं सरकारी माप आहे. म्हणजे नव्या सिस्टरला एका दमात दहा-बारा गावं ओळखायची असतात. वाड्या-तांडे कुठं, कोणत्या रस्त्याला पावसाळ्यात गाडी जात नाही, कोणत्या वस्तीत लसीला नको म्हणतात, हे तिला कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

तिची पहिली ओळख आशाताईशी व्हावी. साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा असते आणि कोणत्या घरात कोण गरोदर, कुणाचं लेकरू कमी वजनाचं, कुणाला टीबीची गोळी चालू, हे तिला तोंडपाठ असतं. नव्या सिस्टरला राहायला धड खोली मिळणं, रात्री बाळंतपणाला बोलावलं तर सोबत घरातली एखादी बाई असणं आणि १०८ ला फोन लावायला एक शुद्धीवरचा माणूस असणं, एवढं गाव सहज करू शकतं. ‘आधीच्या मॅडम बरं होत्या’ हे वाक्य मात्र पहिले दोन महिने तिच्यासमोर काढू नये.

प्रसूतीच्या खोलीत नव्या सिस्टरनं काय बघायचं ते तिला शिकवलेलं असतं : ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये आहे का, झटके आले तर लागणारं मॅग्नेशियम सल्फेट आणि त्याचा उतारा असलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ आहे का, बाळाला श्वास द्यायची छोटी अंबू बॅग तयार आहे का. जे तिला कुणी शिकवू शकत नाही ते म्हणजे समोरच्या बाईच्या मागच्या सहा महिन्यांची हकीगत.

आपल्याकडं ही अडचण जास्त आहे. उसाचा पट्टा पडला की बाया परत येतात. त्यातली एखादी सातव्या-आठव्या महिन्याची असते. फडात असताना तपासणी कुठं झाली, झाली का नाही, रक्त किती होतं, बीपी वाढला होता का, लोहाच्या गोळ्या घेतल्या का, आधीचं बाळंतपण सिझरचं होतं का, हे ना सिस्टरला माहीत, ना आशाला. बाईही फिरतीवर आणि सिस्टरही फिरतीवर. दोघींच्या मधे दुवा म्हणून एकच कागद उरतो, तो म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. ते घरी पेटीत ठेवून फडावर जाऊ नका. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अगदी कर्नाटकात कुठंही गेलात तरी ते पिशवीत असू द्या आणि तिकडं तपासलं की त्यावर लिहून घ्या. भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. हरवलंच तर गावातल्या आशाताईला फोन करून नोंदणी क्रमांक मागून घ्या. परत आलात की कळा सुरू व्हायची वाट न बघता त्याच आठवड्यात केंद्रात जा आणि केसपेपर काढायच्या आधी ते कार्ड सिस्टरच्या हातात द्या.